दम्याचा पंप : भीती नको, विवेक हवा



जैन दर्शनात जीवाचे दहा प्राण सांगितले आहेत. पाच इंद्रिये, मन, वचन व काया यांची तीन बले, आयुष्य आणि श्वासोच्छ्वास. निरोगी मनुष्याला यांतील श्वासोच्छ्वासाची आठवणही होत नाही. दम्याच्या रुग्णाला मात्र तो क्षणोक्षणी जाणवत असतो. झरी परिसरात सोयाबीनच्या मळणीची धूळ उडू लागली, कापूस घरात आला आणि पहाटेचा गारठा वाढला की अनेक घरांत रात्री छातीची घरघर ऐकू येते. अशा घरात कोनाड्यावर बहुधा एक निळा पंप ठेवलेला असतो. त्याविषयी समाजात दोन टोकाच्या वृत्ती आढळतात. काहींना त्याची भीती वाटते, तर काही जण सर्व भार त्याच्यावरच टाकून निश्चिंत राहतात. दोन्ही वृत्ती घातक आहेत.

‘पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय आहे’ असे सर्रास बोलले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. दम्यामध्ये श्वासनलिकांना आतून सूज येते व त्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात. निळ्या पंपातील साल्ब्युटामोल हे औषध १९६९ साली ब्रिटनमध्ये प्रथम उपलब्ध झाले. ते हे स्नायू सैल करते व काही मिनिटांतच वाट मोकळी होते. एका फवाऱ्यात हे औषध १०० मायक्रोग्रॅम असते. याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची असल्यास ती ४० फवाऱ्यांइतकी होते. गोळी पोटातून रक्तात जाऊन सर्व शरीरात फिरते. फवारा जेथे हवा तेथेच पोहोचतो. हातांना कंप सुटणे वा छातीत धडधडणे हा त्रास फवाऱ्यानेही कधी कधी होतो, परंतु तो बहुधा थोड्याच वेळात शमतो.

आता दुसरे टोक. निळा पंप स्नायू सैल करतो, सूज मात्र तशीच राहते. व्याज भरले तरी मुद्दल बाकीच राहावे, तसा हा व्यवहार आहे. सूज उतरविण्याचे काम स्टेरॉइडयुक्त पंपाचे असून तो त्रास नसतानाही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नियमित घ्यावयाचा असतो. १२ वर्षे व त्यावरील दमेकऱ्यांनी केवळ साल्ब्युटामोलवर विसंबू नये, अशी स्पष्ट शिफारस ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या जागतिक संस्थेने २०१९ मध्ये केली आहे. चुलीच्या धुराने वा विडीने जडलेल्या फुप्फुसविकाराचे उपचार काहीसे वेगळे असतात. म्हणून निदान आधी करून घ्यावे.

निळ्या पंपाचा हिशेब ठेवणे अत्यावश्यक आहे. एका डब्यात साधारणतः २०० फवारे असतात. वर्षाला तीन डबे संपत असतील तर ती धोक्याची सूचना होय. महिन्याला एक संपत असेल तर जिवालाच धोका आहे. डब्यावर खरेदीची तारीख लिहावी. कोणत्या दिवशी फवारे अधिक लागले, याचीही नोंद ठेवावी, म्हणजे कारण सापडते. स्पेनमधील बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या २६ साथी उसळल्या. तारखा पडताळल्यावर बंदरात सोयाबीन उतरविताना उडणारी धूळ हे त्याचे कारण ठरले. कोठारांना धूळ अडविणाऱ्या गाळण्या बसविल्यावर त्या साथी थांबल्या. दमेकऱ्याने मळणीयंत्रापासून दूर राहणे इष्ट, हे यावरून ध्यानी यावे.

पंप घेण्याची रीत चुकली तर औषध घशातच राहते. टोपण काढून तोंडाशी काही अडकले नाही ना, हे पाहावे. पंप नीट हलवावा. श्वास पूर्ण सोडावा, ओठ घट्ट मिटावेत, सावकाश श्वास आत घेण्यास आरंभ करतानाच डबा दाबावा आणि मग सुमारे १० सेकंद श्वास रोखावा. दुसरा फवारा अर्ध्या ते एक मिनिटाने घ्यावा. बालकांनी व वृद्धांनी ‘स्पेसर’ ही पोकळ नळी अवश्य वापरावी. ती साबणाच्या पाण्याने धुऊन वाऱ्यावर वाळवावी, कापडाने पुसू नये. रक्तदाब व काचबिंदू यांवरील काही औषधांनी, तसेच काहींना ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी दमा उसळतो. म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत.

धर्माचरणाशी निगडित काही बाबींचाही विचार आवश्यक आहे. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून टाकावी लागते, अन्यथा तोंडात बुरशी धरते. चौविहार करणाऱ्यांनी सायंकाळचा पंप सूर्यास्तापूर्वीच घ्यावा. काही औषधे कॅप्सूल यंत्रात घालून ओढावयाची असतात. त्या कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. ते ज्यांना वर्ज्य वाटते त्यांनी औषध बंद न करता डॉक्टरांकडे फवाऱ्याचा पंप मागावा. पर्युषण पर्व पावसाळ्यात, दमा बळावण्याच्या दिवसांतच येते. प्रत्याख्यानात आगारांची तरतूद आहे. तपस्वींनी पंपाविषयीचा प्रश्न गुरुमहाराजांपुढे व्रत घेण्यापूर्वीच मांडावा. मध्यरात्री श्वास कोंडल्यावर हा विचार करण्यास अवधी नसतो.

दमा एकाएकी उसळल्यास रुग्णाला आडवे न करता बसवावे. स्पेसरमधून एका वेळी एक असे चार फवारे द्यावेत व प्रत्येकानंतर चार श्वास घेऊ द्यावेत. चार मिनिटांत आराम न पडल्यास पुन्हा चार द्यावेत आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एक वाक्यही सलग बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे, घरघर अचानक थांबूनही जीव कासावीस राहणे, ही लक्षणे दिसताच क्षणभरही वाट पाहू नये. झरीहून परभणीचे रुग्णालय गाठण्यास वेळ लागतो, याचे भान घरातील प्रत्येकाने ठेवावे.

प्रत्येक घराने आजच आपला निळा पंप काढून पाहावा. त्यात औषध किती उरले, मुदत कधी संपते आणि तो कसा द्यावा हे घरातील आणखी कोणाला ठाऊक आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे तयार असली, तर श्वासोच्छ्वासरूपी प्राणाचे रक्षण करणे कठीण नाही.

जय जिनेंद्र.