पहिला दिवस पालकांचाही



जूनच्या मध्यास, आणि विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे काहीसे उशिरा, राज्यातील शाळांची घंटा वाजते. दारांना तोरणे लागतात, नवागतांना फुले दिली जातात, पाठ्यपुस्तके वाटली जातात. या समारंभात एका व्यक्तीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे पहिलीच्या वर्गाच्या दाराशी घुटमळणारी, मुलाला पोहोचवावयास आलेली आई.

दिवस पेरणीचे असतात. शेतमजूर मातेने त्या दिवसाची मजुरी बुडविलेली असते. मुलाने तिचा पदर घट्ट धरलेला असतो. तो सोडवून निघावयाचे, तर पाऊल उचलत नाही. मूल लघवीस जाण्याचे कोणास सांगेल? घरची बोली बोलले तर इतर मुले हसतील काय? गुरुजी मारतील काय? हे प्रश्न तिच्या मनात असतात. ओठांवर येत नाहीत. शाळेशी बोलण्याची तिला सवयच नसते.

सोबत आलेल्या आजोबांची आठवण आणखी वेगळी असते. त्यांच्या काळी जन्माची नोंद क्वचितच असे. डोक्यावरून हात नेऊन विरुद्ध बाजूच्या कानास लागला, की मूल शाळेत घालण्याजोगे झाले असे मानीत आणि गुरुजी १ जून ही जन्मतारीख लिहून टाकीत. ती तारीख त्या पिढीतील कित्येकांना जन्मभर चिकटली. म्हणून शाळेच्या दारात कागद मागितला, की आजोबांना आजही धास्ती वाटते.

वस्तुतः या चिंतांपैकी अनेकांना कायद्याने उत्तर दिले आहे. २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे त्याचे कलम १४ सांगते. कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई आहे. परंतु कायद्यातील हे अभय दाराशी उभ्या असलेल्या मातेपर्यंत कोणी पोहोचवावयाचे? ते काम शिक्षकाच्या दोन शब्दांनीच होऊ शकते.

या बाबतीत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे कार्य मार्गदर्शक आहे. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी आता पालघर जिल्ह्यात मोडते. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांना वा आईबापांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरविली. अंगणात शाळा भरली, की आईला ती डोळ्यांनी दिसते, आणि दिसलेल्या गोष्टीचे भय उरत नाही.

तेव्हा पहिल्या दिवशी पालकांना फाटकाबाहेर ठेवू नये. घटकाभर वर्गात बसू द्यावे. पाण्याची जागा, स्वच्छतागृह, दुपारच्या आहाराचे स्वयंपाकघर त्यांना दाखवावे. मुलाला घरी कोणत्या नावाने हाक मारतात, हे शिक्षकांनी आईला विचारून घ्यावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. त्यांनी नव्या मातांची विचारपूस करावी. पंचायत सदस्यांनी रस्त्यावरचा ओढा आणि शाळेचे छप्पर पावसापूर्वीच पाहून घ्यावे. अधिकाऱ्यांनी भेटीच्या वेळी पटाबरोबरच, प्रवेश घेऊन आठवड्यात येईनासे झालेले मूल कोणते, हेही विचारावे.

पहिल्या दिवशी मूल रडते, आणि काही दिवसांत रमते. आई मात्र घरी परतताना शाळेविषयी एक मत बनवून जाते. ‘आपले लेकरू इथे सुखरूप आहे’ असे तिला वाटले, तर दुसऱ्या दिवशी कामाच्या घाईतही ती त्याला वेळेवर शाळेत पाठवील. पटावरील नाव टिकविण्याचे खरे बळ तिच्या या विश्वासात आहे.