इंग्रजीतून स्वतःचा परिचय : ‘कोणाचा?’ आणि ‘कशासाठी?’

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या युवक-युवती मेळाव्यातील भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तरुणांसमोर चार शब्द बोलण्याची संधी विश्वस्तांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी भाषातज्ज्ञ नाही की प्राध्यापक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवर बसलेला एक व्यापारी आहे. तरीही आजचा विषय मी मुद्दाम निवडला आहे. व्यवसायाच्या ठिकाणी इंग्रजीतून स्वतःचा परिचय कसा करून द्यावा, हा तो विषय.

विषय लहान वाटेल, पण त्याची किंमत लहान नाही. पदवी परीक्षेत प्रथम श्रेणी मिळविलेला, हिशेबात तरबेज असलेला आपला मुलगा मुलाखतीच्या पहिल्याच प्रश्नाला अडखळतो आणि उरलेली सगळी मुलाखत त्या अडखळण्याच्या छायेत जाते. घरच्या व्यवसायात उत्तम लक्ष घालणारी सून परप्रांतीय खरेदीदार इंग्रजीत बोलू लागला की हळूच आत निघून जाते. ज्ञान आहे, प्रामाणिकपणा आहे, कष्टाची तयारी आहे; अडते ते पहिल्या एका मिनिटाशी. त्या एका मिनिटापायी चांगली नोकरी किंवा चांगला ग्राहक हातचा जावा, ही खेदाची गोष्ट आहे.

असे का होते? इंग्रजी येत नाही म्हणून, असे उत्तर आपण लगेच देतो. मला ते पूर्ण खरे वाटत नाही. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून भेटले. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांतही ते पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. म्हणजे आजच्या तरुणाने किमान दहा-बारा वर्षे ही भाषा अभ्यासलेली असते. परिचयाला लागणारी चार वाक्ये त्याला येत नाहीत, असे कसे म्हणावे? अडचण भाषेइतकीच विचाराचीही आहे.

आपल्याकडे परिचयाची रीत कोणती? गावातील वडीलधारी व्यक्ती लहान मुलाला विचारते, “कोणाचा रे तू?” मूल सांगते, अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू. मग गाव, आजोळ, आडनाव निघते आणि दोन मिनिटांत नाते जुळते. ही रीत सुंदर आहे. बाजारात कित्येक वर्षे उधारीचा व्यवहार या ओळखीवरच चालला. अनोळखी माणसाची पत त्याच्या घराण्याच्या पतीवरून ठरत असे. आपला मराठी परिचय ‘कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर आहे.

व्यवसायातील इंग्रजी परिचय मात्र वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असतो. समोरच्याच्या मनात असते : हा माणूस काय काम करतो, आणि मला भेटण्यास कशासाठी आला आहे? त्या क्षणी त्याला आपल्या घराण्याशी कर्तव्य नसते. आपली मुले चुकतात ती येथे. मुलाखत घेणारा म्हणतो, स्वतःबद्दल सांगा. मुलगा सुरू करतो : वडिलांचे नाव, ते व्यापारी, आई गृहिणी, एक भाऊ, एक बहीण, छंद गाणी ऐकणे व क्रिकेट पाहणे. यात खोटे काहीच नाही. पण हा लग्नाचा बायोडाटा झाला, कामाचा परिचय झाला नाही. ‘कशासाठी?’ असे विचारणाऱ्याला आपण ‘कोणाचा?’ याचे उत्तर देऊन बसतो.

माझ्या धंद्यातील उदाहरण देतो. इचलकरंजीच्या बाजारात ग्रे कापडाची चौकशी होते तेव्हा व्यापारी एवढेच म्हणतो : “साठ बाय साठ, ब्याण्णव बाय अठ्ठ्याऐंशी, पन्ना त्रेसष्ट.” पहिले दोन आकडे उभ्या व आडव्या सुताच्या काउंटचे, पुढचे दोन एका इंचातील उभ्या-आडव्या धाग्यांचे, शेवटचा रुंदीचा. एका ओळीत ऐकणाऱ्याला कापड समजते. कापूस कोणत्या शिवारातला आणि माग कोणाच्या आजोबांनी बसविला, हे कोणी त्या वेळी सांगत नाही. गिऱ्हाइकाला रस वाटला तर तो नमुना मागतो, नमुना पसंत पडला तर ताका उलगडतो. परिचय म्हणजे ही पहिली ओळ. तरुण मंडळी घाईघाईने सगळा ताका उलगडतात, नाहीतर दुकानच उघडत नाहीत.

आता ही ओळ कशी रचावी? माझ्या मते चार गोष्टी पुरेत. आपले नाव. आज आपण काय करतो. आजवर केलेले एखादे ठोस काम. आणि येथे कशासाठी आलो. एक मुलगी लेखा विभागातील नोकरीसाठी गेली आहे असे समजा. नाव सांगून ती म्हणेल : “आय ॲम अ कॉमर्स ग्रॅज्युएट फ्रॉम सांगली. फॉर टू यिअर्स आय हॅव प्रिपेअर्ड जीएसटी रिटर्न्स फॉर अ टेक्स्टाइल फर्म. आय वुड लाइक टू वर्क इन एक्स्पोर्ट अकाउंट्स.” नावासह चार वाक्ये झाली. यात एकही अवघड शब्द नाही. परंतु ऐकणाऱ्याला पुढे काय विचारावे ते कळले, आणि जो विषय तिला येतो त्याच विषयावर प्रश्न येण्याची वाटही तिने तयार केली.

व्यापाऱ्याचा परिचय तर याहून लहान असावा. “वी सप्लाय कॉटन शर्टिंग टू रिटेलर्स इन नॉर्थ कर्नाटक.” माल कोणता, ग्राहक कोण, प्रदेश कोणता, हे एका वाक्यात आले. दरवर्षी जानेवारीत जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे ‘हाइमटेक्स्टिल’ हे घरगुती वापराच्या कापडाचे मोठे प्रदर्शन भरते. अशा ठिकाणी खरेदीदार एकामागून एक दालने पाहत पुढे सरकत असतो. सोलापूरच्या टॉवेल-चादरींची कीर्ती आपल्याला ठाऊक आहे. त्याला ती दोन वाक्यांत सांगावी लागते.

आता काही शब्दांविषयी. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविले. आधी मनात मराठी वाक्य धरायचे आणि मग त्याचे इंग्रजी करायचे, ही सवय आपल्याला लागली. अभ्यासाला ती उपयोगी आहे. बोलताना मात्र ती कधी कधी दगा देते. त्याचे काही नमुने पाहू.

‘मायसेल्फ अमुक’ असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. इंग्रजीत हा शब्द ‘माझे मला’, ‘मी स्वतःला’ अशा अर्थाने येतो; त्याने वाक्य सुरू करून नाव सांगत नाहीत. ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’ म्हणावे. ‘शुभनाम’ या शब्दावरून आपण ‘गुड नेम’ केले. इंग्रजीत नुसते ‘नेम’ पुरते. ‘आय पास्ड आउट इन २०१९’ हे वाक्य तर परक्या माणसाला बुचकळ्यात टाकणारे आहे. लष्करी प्रशिक्षण संपविणाऱ्या छात्रांच्या बाबतीत तो शब्दप्रयोग ठीक आहे. एरवी त्याचा अर्थ शुद्ध हरपणे असा होतो. ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०१९’ म्हणावे. ‘आय बिलाँग टू कोल्हापूर’ याऐवजी ‘आय ॲम फ्रॉम कोल्हापूर’ हे साधे आणि बरोबर. ‘आय ॲम हॅविंग थ्री शॉप्स’ असे न म्हणता ‘वी हॅव थ्री शॉप्स’ म्हणावे. स्वतःच्या नावामागे ‘मिस्टर’ लावू नये. मराठीतही आपण स्वतःला ‘मी अमुकराव’ म्हणत नाही; तोच विनय इंग्रजीतही आहे.

दूरध्वनीवर थोडा फरक आहे. तेथे ‘आय ॲम’ ऐवजी ‘धिस इज’ म्हणून नाव सांगतात आणि लगेच गाव किंवा पेढी सांगतात. आपली नावे परक्या कानांना नवी असतात. म्हणून नाव सावकाश उच्चारावे, आडनावापूर्वी क्षणभर थांबावे. स्पेलिंग सांगताना बी, डी, पी, टी ही अक्षरे एकसारखी ऐकू येतात. याच कारणाने विमान वाहतुकीत १९५६ पासून अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा अशी शब्दमाला वापरली जाते. ती पाठ केल्यास बिलावर आणि बँकेच्या कागदावर आपले नाव चुकणार नाही. २०२० च्या टाळेबंदीपासून पडद्यावरच्या बैठका रूढ झाल्या आहेत. तेथे आपल्या चित्राखाली पूर्ण नाव दिसेल अशी व्यवस्था आधी करावी आणि बोलण्याची पाळी आली की नाव व काम एवढेच सांगून मुद्द्यावर यावे.

दुसऱ्याचा परिचय करून देण्याचीही एक रीत आहे. मानाने मोठ्या व्यक्तीचे नाव आधी घ्यावे आणि लहानाची ओळख मोठ्याला करून द्यावी. ग्राहकासमोर आपल्या मुलाची ओळख करून देताना ग्राहकाला उद्देशून बोलावे आणि मुलगा कोणते काम पाहतो ते सांगावे. ‘माय सन’ म्हणून थांबलो तर तो पन्नाशीचा झाला तरी ‘सन’च राहतो. ‘माय सन, ही लुक्स आफ्टर परचेस’ म्हटले की त्याला त्याच क्षणी अधिकार मिळतो. मुलीच्या आणि सुनेच्या बाबतीतही हे अगत्याने करावे, अशी सर्व वडीलधाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे.

परिचयानंतर पुष्कळदा भोजनाचे निमंत्रण येते आणि आपल्या समाजातील तरुण संकोचतो. संकोचाचे काही कारण नाही. परदेशात ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर अंडी चालतात असे पुष्कळ जण गृहीत धरतात. म्हणून स्पष्ट सांगावे : “आय ॲम अ जैन. नो मीट, नो फिश, नो एग्ज. नो ओनियन, गार्लिक ऑर पोटॅटो.” सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम असेल तर तोही आधी सांगावा. विमानातील जेवणाच्या प्रकारांत जैन भोजनासाठी ‘व्हीजेएमएल’ अशी स्वतंत्र खूण आहे. ज्यांनी आपली गरज स्पष्ट शब्दांत सांगितली, त्यांच्यामुळेच ती जगाच्या यादीत आली, असे मी मानतो.

शेवटी एका नाजूक गोष्टीकडे वळतो. काही मुले इंग्रजी बोलू लागली की घर लपवू लागतात. वडिलांचे तालुक्याच्या गावी लहानसे दुकान आहे, आई सातवी शिकलेली आहे, हे सांगण्याची त्यांना लाज वाटते. मघाशी मी म्हणालो की ‘कशासाठी?’ विचारणाऱ्याला ‘कोणाचा?’ याचे उत्तर देऊ नये. याचा अर्थ ‘कोणाचा?’ हे विसरावे असा मुळीच नाही. दुकानात वाढलेल्या मुलाने म्हणावे : “आय ग्रू अप इन माय फादर्स शॉप. आय लर्न्ट स्टॉक-कीपिंग देअर बिफोर आय लर्न्ट अकाउंटन्सी.” पाहा, वडिलांचे नाव न घेताही वडिलांचा केवढा मान झाला! घराणे केवळ सांगितले तर ती माहिती होते. घराण्याने काय शिकविले ते सांगितले तर ती पात्रता होते. दोन्ही प्रश्नांची उत्तरे तेथे एकत्र येतात.

परिचयात बढाईही नको. दोन महिन्यांचा अनुभव दोन वर्षांचा करून सांगितला, तर दुसऱ्याच प्रश्नाला तो उघडा पडतो. ताक्याच्या वरच्या घडीसारखाच आतला माल असावा, हा आपल्या बाजाराचा जुना दंडक इंग्रजीलाही लागू आहे. उच्चार थोडा मराठी राहिला तरी बिघडत नाही. फ्रेंच माणूस फ्रेंच वळणाने आणि जपानी माणूस जपानी वळणाने इंग्रजी बोलतो, आणि जगाशी व्यापार करतो. आपण आपल्या वळणाने, पण स्पष्ट आणि सावकाश बोलावे.

माझी तरुणांना एवढीच सूचना आहे. आज रात्री कागदावर चार वाक्ये लिहा : नाव, आजचे काम, केलेले काम, येण्याचा हेतू. ती मोठ्याने म्हणा, अर्ध्या मिनिटात बसतात का ते घड्याळावर पाहा, आणि पाठांतरासारखी वाटेनाशी होईपर्यंत घरच्यांसमोर म्हणत राहा. ज्येष्ठांनीही त्या वेळी हसू नये, ऐकून घ्यावे. संस्थेने महिन्यातून एका रविवारी तासभर असा सराव घडवून आणला, तर सुवर्णमहोत्सवाची ती एक चांगली आठवण राहील. त्यासाठी माझ्या पेढीची वरची खोली केव्हाही मोकळी आहे.