फ्रेम लिमिटर लावला, तरी गेम अडखळतो? कार्ड विकायच्या आधी हे तपासा

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. शब्द वेगवेगळे, पण तक्रार एकच. "एफपीएस ६० वर लॉक केलेत, तरी गेम अडखळतो." "लिमिट लावली, पण कार्ड अजून तापतंयच." "मध्येच आपोआप ३० वर का येतं?" तर आज फ्रेम लिमिटर या एकाच गोष्टीवर बोलू. तो नीट चालत नसेल तर कुठे बघायचं, आणि कोणत्या क्रमानं बघायचं.

आधी मुळात लिमिट लावायचीच कशाला? तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. कार्ड १५० फ्रेम बनवत असेल तर वरच्या ९० तुम्हाला धड दिसतच नाहीत. शूटिंगच्या गेममध्ये माउसचा प्रतिसाद थोडा लवकर मिळतो, एवढाच त्यांचा फायदा. वीज मात्र सगळ्या १५० फ्रेमची लागते आणि तेवढी उष्णता खोलीत येते.

मी पुणतांब्यातून बोलतोय. इथे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी काय हालत असते, ते सांगायला नको. त्यात लाइट गेली की सगळं इन्व्हर्टरवर. सोपा हिशेब करू. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. त्यातले समजा निम्मे, ९००, खरंच वापरता आले. तुमचा पीसी गेम चालू असताना ३०० वॉट ओढत असेल तर ३ तास. लिमिट लावून तोच १८० वॉटवर आला तर ५ तास. घरातला पंखा आणि ट्यूबलाइटही त्याच बॅटरीवर आहे, हे आईला विचारा. आणि कार्ड खरंच गेलं, तर ते घेऊन नाशिक नाहीतर पुणे गाठायचं. म्हणून आपल्याकडे लिमिटर ही चैन नाही, गरज आहे.

मोठ्या कंपन्यांनाही हे अनुभवातूनच कळलंय. २०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ आला. त्याच्या मेन्यूसारख्या साध्या स्क्रीनवर कार्डाला काहीच काम नसायचं, त्यामुळे ते फ्रेमवर फ्रेम बनवत सुटायचं. ज्यांच्या पीसीत हवा नीट खेळत नव्हती त्यांची मशिन तापली. शेवटी ब्लिझार्डनं सेटिंगच्या फाइलमध्ये लिमिटच्या दोन ओळी टाकायला सांगितल्या. जुलै २०२१ मध्ये न्यू वर्ल्डच्या बीटामध्ये काही आरटीएक्स ३०९० कार्डं बंद पडली. ॲमेझॉननं मेन्यूत फ्रेमची मर्यादा घातली. नंतर ईव्हीजीएनं सांगितलं, की त्यांच्या बंद पडलेल्या कार्डांमध्ये सोल्डरिंगचा दोष होता. म्हणजे गेमनं धडधाकट कार्ड मारलं असं नाही. पण कमजोर कार्ड मोकाट पळालं, की त्याचा दोष लवकर बाहेर येतो.

आता मुद्द्यावर येऊ. लिमिट तीन ठिकाणी लागते. एक, गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये. दोन, ड्रायव्हरमध्ये. एनव्हिडियानं जानेवारी २०२० मध्ये कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' दिलं, एएमडीकडे रेडियन चिल आहे. तीन, बाहेरचं टूल, म्हणजे आरटीएसएस, पूर्ण नाव रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर. एमएसआय आफ्टरबर्नरसोबत येतं तेच. साधारणपणे गेममधल्या लिमिटरनं प्रतिसाद सगळ्यात चटकन मिळतो, आणि आरटीएसएसनं फ्रेममधलं अंतर जास्त सारखं राहतं.

अंतर का महत्त्वाचं? स्टँडवर तासाला सहा एसटी येतात असं धरा. दर दहा मिनिटांनी एक आली तर तुम्ही खूश. तीन एकदम आल्या, मग अर्धा तास काहीच नाही आणि मग परत तीन, तरी हिशेबात सहाच! एफपीएसचा आकडा असाच फसवतो. ६० एफपीएस म्हणजे दर १६.६७ मिलिसेकंदाला एक फ्रेम यायला हवी. म्हणून आरटीएसएस किंवा आफ्टरबर्नरच्या ओव्हरलेमध्ये एफपीएसच्या जोडीला फ्रेमटाइमचा ग्राफ लावा. रेष सपाट असेल तर सगळं ठीक. करवतीसारखी दातेरी दिसली तर लिमिट ६० दाखवत असूनही गेम अडखळणारच.

तपासणीचा पहिला नियम: एका वेळी एकच लिमिटर. गेल्या मे मध्ये गावातल्याच एका पोराचा फोन आला, "दादा, कार्ड गेलं बहुतेक. गेम ६० वरून ४० वर पडतो, आणि कार्डाचा वापर ५५ टक्केच दाखवतोय. गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू का?" त्याला म्हटलं, दोन तास थांब, येतो. जाऊन बघितलं तर गेममध्ये ६०, आरटीएसएसमध्ये ६०, आणि ड्रायव्हरमध्ये तिसरी लिमिट, तीही खाली-वर होणारी. तीन जण एकाच बैलगाडीचे कासरे ओढत होते. दोन लिमिट काढल्या, एक ठेवली, ग्राफ सपाट झाला. ५५ टक्के वापर हा तर बिघाड नव्हताच. लिमिट लावल्यावर कार्डाला काम कमी उरतं, म्हणून वापर कमी दिसतो. त्यासाठीच तर लिमिट लावतो आपण!

आता एकेक तक्रार घेऊ.

"लिमिट लागतच नाही." आरटीएसएस बॅकग्राउंडला चालू आहे का बघा. ते बंद केलं की त्याची लिमिटही गेली. पीसी रीस्टार्ट झाल्यावर ते आपोआप सुरू होतंय का, हेही बघा. ते चालू आहे पण ओव्हरलेच दिसत नाही, म्हणजे त्यानं गेमला ओळखलेलं नाही. अशा वेळी त्या गेमची एक्सई फाइल वेगळी जोडून 'ॲप्लिकेशन डिटेक्शन लेव्हल' हाय करून बघा. काही ऑनलाइन गेमची अँटी-चीट बाहेरच्या टूलला आत येऊच देत नाही. तिथे हट्ट करू नका, गेममधली किंवा ड्रायव्हरची लिमिट वापरा. ड्रायव्हरमध्ये बदल केलात तर गेम पूर्ण बंद करून परत उघडा. आणि एनव्हिडियामध्ये त्या गेमसाठी वेगळं सेटिंग असेल तर तेच चालतं, ग्लोबल नाही.

"उभा राहिलो की एफपीएस पडतात, चाललो की वाढतात." रेडियन चिल असंच काम करतं. तुम्ही कीबोर्ड-माउसला हात लावला नाही की ते खालच्या आकड्यावर येतं. खालचा आणि वरचा, दोन्ही आकडे ६० करा, म्हणजे तोच साधा लिमिटर झाला.

"लाइट गेली की लॅपटॉप ३० वर येतो." एनव्हिडियाच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये बॅटरी बूस्ट नावाची सोय असते. चार्जर निघाला की ती बॅटरी वाचवायला फ्रेम कमी करते. आकडा बदलता येतो, सोय बंदही करता येते. पण लाइट गेलेली असताना ती असू द्यावी असंच मी म्हणेन.

"डेस्कटॉपवरही ६० वरून थेट ३०." हे बहुतेक वेळा व्ही-सिंकचं काम. कार्डाला ६० झेपलं नाही की ते पुढच्या पायरीवर, म्हणजे निम्म्यावर उतरतं. ग्राफिक्सचं सेटिंग एक पायरी खाली आणा. लक्षात घ्या, लिमिटर फ्रेम कमी करतो, वाढवत नाही. कार्ड ४८ च बनवत असेल तर ६० ची लिमिट लावून काही उपयोग नाही.

"४५ वर लॉक केलं, तरी धक्के बसतात." ६० हर्ट्झच्या साध्या मॉनिटरवर ४५ बसत नाही. काही फ्रेम एकदा दिसतात, काही दोनदा. तिथे ६० नाहीतर ३०. १४४ हर्ट्झवर ७२ किंवा ४८ नीट बसतात. जी-सिंक किंवा फ्रीसिंक असेल तर हे बंधन नाही, फक्त लिमिट मॉनिटरच्या थोडी खाली ठेवा, १४४ ला १४१ वगैरे. आणि जी-सिंक, व्ही-सिंक, रिफ्लेक्स तिन्ही चालू असताना आकडा १३८ वर थांबला तर घाबरू नका. ती लिमिट रिफ्लेक्स स्वतःच लावतं.

"१४४ चा मॉनिटर घेतला, तरी ६० च." लिमिटरला हात लावण्याआधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा. बऱ्याचदा तो ६० वरच राहिलेला असतो. केबल कार्डालाच लावलीय ना, की मदरबोर्डला, हेही वाकून बघा.

शेवटची एक गोष्ट, नव्या कार्डवाल्यांसाठी. फ्रेम जनरेशन चालू ठेवून ६० ची लिमिट लावली, तर साधारण निम्म्याच फ्रेम खऱ्या असतात, उरलेल्या मधे भरलेल्या. चित्र गुळगुळीत, पण हाताला गेम जड लागतो. ६० लाच खेळायचं असेल तर फ्रेम जनरेशन बंद ठेवा.

तर क्रम लक्षात ठेवा. सगळे लिमिटर बंद करा. मॉनिटरचा खरा रिफ्रेश रेट बघा. लिमिट नसताना कार्ड किती फ्रेम देतं ते बघा, अवघड जागी, लढाई चालू असताना. त्या आकड्याच्या खाली एकच लिमिट लावा. मग फ्रेमटाइमची रेष बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यानंतरही रेष दातेरी राहिली तर मग ड्रायव्हर, तापमान, पॉवर सप्लाय यांच्याकडे वळा. विंडोज नव्यानं टाकणं आणि कार्ड विकणं सगळ्यात शेवटी.

पुढच्या भागात इन्व्हर्टरवर पीसी चालवताना साइन वेव्ह आणि स्क्वेअर वेव्हमध्ये काय फरक पडतो ते बघू. तोपर्यंत तुमचा ग्राफ कसा दिसतोय, त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. भेटू!