फुल-फ्रेम कॅमेरा: हौस की हत्यार?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

या कार्यक्रमात आपण गटाच्या कर्जाबद्दल नेहमी बोलतो. शेळ्या झाल्या, म्हैस झाली, पिठाची गिरणी, शिलाई मशीन, पापडाचं मशीनही झालं. आज जरा वेगळ्या कर्जाची गोष्ट सांगतो. आमच्या गटाकडे एका सदस्याने कॅमेऱ्यासाठी कर्ज मागितलं. तोही साधा कॅमेरा नाही, फुल-फ्रेम कॅमेरा. अर्ज वाचला तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणींना तो शब्दही कळला नव्हता.

ही आमची सदस्य लग्नाचे फोटो काढते. गावात तिला सगळे फोटोवाली वहिनी म्हणतात. तिच्याकडे एक कॅमेरा होताच. मग दुसरा कशाला? आम्ही तिला हेच विचारलं. तिने आम्हाला एका हळदीची गोष्ट सांगितली. आमच्यातल्या दोघी-तिघी त्या हळदीला होत्या, त्यामुळे ती खरी आहे हे आम्हाला माहीत होतं.

वैशाखातली हळद. संध्याकाळी लाइट गेली. जनरेटरवर फक्त मांडव चालू होता. नवरीला हळद लागत होती मागच्या पडवीत, एका बल्बच्या उजेडात. नवरीच्या आईच्या माहेरच्या सगळ्या बायका तिथे गाणी म्हणत होत्या. वहिनीने फ्लॅश मारला तर तोंडं पीठ फासल्यासारखी पांढरी आणि मागे सगळं काळं. फ्लॅश बंद केला तर हलता हात पुसट, आणि फोटोवर रवा सांडल्यासारखे ठिपके. अल्बम झाला. मांडवातले फोटो छान आले होते. पण नवरीची आई पानं उलटून म्हणाली, “माझ्या माहेरच्या बायका कुठायत यात?” ठरलेल्या पैशातून चार हजार कापले गेले.

मैत्रिणींनो, पैशापेक्षा ते वाक्य आम्हाला लागलं. बघा ना, लग्नात फोकस कुठे असतो? स्टेजवर. पाहुण्यांचे सत्कार, नेत्यांचे आशीर्वाद, सगळं उजेडात. आणि बायका कुठे असतात? चुलीपाशी, पडवीत, नवरीला नेसवायच्या खोलीत. तिथे एक बल्ब, तोही कोपऱ्यात. मग अल्बममध्ये आपण कमी दिसतो यात नवल काय? वहिनीचं म्हणणं एवढंच होतं, “ताई, मला अंधारातल्या बायका काढायच्यात.”

आता फुल-फ्रेम म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगतो. आम्हीही तिच्याकडूनच शिकलो.

कॅमेऱ्याच्या आत, लेन्सच्या मागे एक चौकोनी पट्टी असते, तिला सेन्सर म्हणतात. पूर्वी जिथे रीळ असायचा तिथे आता हा सेन्सर असतो. त्याच्यावर उजेड पडतो आणि फोटो तयार होतो. फुल-फ्रेम सेन्सर 36 मिलिमीटर लांब आणि 24 मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढा. वहिनीच्या जुन्या कॅमेऱ्यातला सेन्सर साधारण 23 बाय 15 मिलिमीटरचा. दोन्हींचं क्षेत्रफळ काढलं तर मोठा सुमारे सव्वादोन ते अडीच पट भरतो. आपल्या मोबाइलमधला सेन्सर तर बहुतेक वेळा करंगळीच्या नखाएवढा असतो.

मोठा असल्याने फायदा काय? पाऊस पडताना अंगणात एक वाटी ठेवा आणि एक परात ठेवा. पाऊस सारखाच, वेळ सारखाच. पण परातीत पाणी जास्त साठतं. उजेडाचंही तसंच आहे. उजेड भरपूर असेल तेव्हा वाटीसुद्धा भरते, म्हणून भर उन्हात दोन्ही कॅमेऱ्यांत फारसा फरक दिसत नाही. उजेड कमी झाला की परातीचं मोल कळतं. एकाच काळातले दोन कॅमेरे घेतले, तर लहान सेन्सर 3200 आयएसओवर जितका रवाळ दिसतो, जवळपास तितकाच मोठा सेन्सर 6400 वर दिसतो. आयएसओ म्हणजे कमी उजेडातही फोटो उजळ यावा म्हणून कॅमेऱ्यात वाढवायचा आकडा. तो वाढवला की ठिपकेही वाढतात. मोठ्या सेन्सरवर ते उशिरा वाढतात.

दुसरा फायदा खोलीचा. 50 मिलिमीटरची एक लेन्स मिळते. ती लहान आणि स्वस्त असते, आणि उजेड भरपूर घेते. लहान सेन्सरवर तीच लेन्स 75 सारखी वागते, कारण सेन्सर चित्राचा फक्त मधला भाग घेतो. दहा बाय दहाच्या खोलीत नवरी नेसतेय, पाठीला भिंत लागलीय आणि फ्रेममध्ये नुसता चेहरा येतोय, अशी गत होते. फुल-फ्रेमवर त्याच जागेवरून तिचा पदर नीट करणारी मावशीही येते. तिसरा फायदा, माणूस तेवढाच घेतला तर मागचं दृश्य जास्त मऊ होतं. म्हणजे मागे रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या नजरेत येत नाहीत.

36 बाय 24 हे माप आलं कुठून? 35 मिलिमीटरच्या रिळातून. जर्मनीत 1925 साली लायका कॅमेरा बाजारात आला, त्याची चौकट हीच होती. पुढे जगभर तीच रुळली. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा एवढा मोठा सेन्सर बनवणं फार महाग होतं. कारण सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीतून कापतात. आपण पोळी लाटून शंकरपाळे कापतो ना, तसंच. शंकरपाळे मोठे कापले तर कमी निघतात आणि कडेचं वाया जास्त जातं. शिवाय चकतीत कुठे दोष असला तर मोठा तुकडा बाद होतो. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत लहान सेन्सर आले. 2005 मध्ये कॅननचा फाइव्ह डी आला आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या आवाक्यात फुल-फ्रेम यायला लागला. 2013 मध्ये सोनीने आरसा नसलेला, आकाराने लहान असा फुल-फ्रेम आणला. आता जुने फुल-फ्रेम सेकंडहँड बाजारात मिळतात. वहिनीचा डोळा त्यांच्यावरच होता.

पण ‘फुल’ या शब्दाने भुलू नका. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण घेतलं. त्या वापरत असलेल्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यात फिल्मची चौकट सहा बाय सहा सेंटिमीटरची, म्हणजे आजच्या फुल-फ्रेमपेक्षा कितीतरी मोठी. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. पुढे 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. हे सांगायचं कारण, आमच्या वहिनीलाही लग्नघरी अजून विचारतात, “फोटोग्राफर कुठायत? तुमचे मिस्टर यायचेत का?”

आता अर्जाकडे येऊ. कॅमेऱ्याची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, सेकंडहँड 62 हजार. 50 ची लेन्स 8 हजार. कार्ड आणि जास्तीची बॅटरी मिळून 10 हजार. एकूण 80 हजार. तिचे स्वतःचे 20 हजार, गटाकडे मागणी 60 हजार. आमच्या पेटीतला मोठा हिस्सा त्यात जाणार होता. त्याच महिन्यात दुसऱ्या एका ताईने शिलाई मशीनसाठी अर्ज दिला होता. वहिनीच्या सासूबाई बैठकीत म्हणाल्या, “एका डब्याला एवढे पैसे? तेवढ्यात दारात म्हैस येती. दूध तरी देती.”

आम्ही ठरवलं, आधी बघू. तालुक्याच्या गावातून तसाच कॅमेरा एका दिवसासाठी 1,800 रुपये भाड्याने आणला. संध्याकाळी सासूबाईंना चुलीपाशी बसवलं आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी, फ्लॅश न मारता, फोटो काढले. मोबाइलवर घेऊन त्यांना दाखवले. त्या म्हणाल्या, “मला तर दोन्ही सारखेच दिसतात.”

आणि खरं सांगू? आम्हालाही सारखेच दिसले. वहिनीचा चेहरा उतरला. पण तिने दोन्ही फोटो लॅबमधून 12 बाय 18 इंचाचे छापून आणले. ते शेजारी शेजारी ठेवले तेव्हा फरक कळला. एकात पदराचा रंग मळकट, कपाळावर ठिपके. दुसऱ्यात जाळाचा उजेड गालावर, आणि हातातल्या बांगडीवरची नक्षीसुद्धा मोजता येत होती. सासूबाईंनी तो फोटो ठेवून घेतला. मत मात्र बदललं नाही त्यांनी, म्हैस ती म्हैसच.

या परीक्षेतून आम्हाला एक गोष्ट पक्की कळली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. गिऱ्हाईक फोटो फक्त व्हॉट्सॲपवर बघणार असेल तर मोठ्या कॅमेऱ्याचे पैसे वाया. गिऱ्हाईक मोठा करिझ्मा अल्बम करणार असेल, घरात मोठी फ्रेम लावणार असेल, तरच तो पैसा फिरतो. आम्ही वहिनीची वही तपासली. तिच्या बहुतेक ऑर्डरी अल्बमच्या होत्या.

मग भाड्याचा हिशेब मांडला. हळद एक दिवस, लग्न एक दिवस. म्हणजे एका लग्नामागे भाडं 3,600. वहिनीकडे त्या हंगामाची 14 लग्नं ठरली होती. भाड्यातच 50,400 गेले असते आणि शेवटी हातात काहीच उरलं नसतं. तेच वर्षाला पाच लग्नं असती तर भाडं 18,000 झालं असतं. तेव्हा आम्ही सांगितलं असतं, वहिनी, भाड्यानेच आण.

मैत्रिणींनो, आम्ही कर्ज दिलं, पण हंगाम बघून दिलं. तुळशीच्या लग्नापासून आषाढी एकादशीपर्यंत आठ महिने, दरमहा मुद्दल 7,500. व्याज उतरत्या शिलकीवर महिन्याला शेकडा 1 रुपया. पहिल्या महिन्याला 600, शेवटच्या महिन्याला 75, आठ महिन्यांचं मिळून 2,700. पौषात मुहूर्त नसतात, म्हणून तो हप्ता मार्गशीर्षाच्या कमाईतून बाजूला काढायचा. चातुर्मासात कॅमेरा घरी बसतो, म्हणून त्याआधी कर्ज मिटलं पाहिजे, ही अट.

सेकंडहँड घेताना आम्ही चार गोष्टी पाहिल्या, त्या लिहून घ्या. एक, शटर काउंट. कॅमेरा आतापर्यंत किती वेळा क्लिक झाला तो आकडा. या दर्जाच्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या शटरची चाचणी दीड लाख क्लिकपर्यंत घेतलेली असते, त्याच्या जवळ पोचलेला घेऊ नका. दोन, लेन्समधून उजेडाकडे बघा. आत जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, ती लेन्स नको. तीन, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा, काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. चार, मूळ बिल आणि कॅमेऱ्यावरचा नंबर जुळतो का बघा. शिवाय जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्स नव्याला चालतात का ते आधी विचारा. लहान सेन्सरसाठी केलेल्या काही लेन्स फुल-फ्रेमला बसतच नाहीत. काही बसतात, पण पूर्ण चौकट भरत नाहीत.

तोटेही सांगतो. हा कॅमेरा जड आहे. दिवसभर गळ्यात घालून वहिनीची मान धरते. फाइली मोठ्या होतात, त्यामुळे हार्ड डिस्कचा खर्च वाढतो. आणि फोकस चुकला तर मोठा सेन्सर तो झाकत नाही, उलट दाखवून देतो. कॅमेरा मोठा झाला म्हणून हात आपोआप तयार होत नाही. पहिल्याच लग्नात तिचे बरेच फोटो त्यामुळे गेले. नशीब, तिने जुना कॅमेराही सोबत नेला होता.

आज हे बोलताना तिचे पाच हप्ते आलेत, तीन बाकी आहेत. एक लग्न मोडलं, त्यामुळे पुढचा हप्ता जड जाईल असं ती आधीच सांगून गेली आहे. आणि शिलाई मशीनवाली ताई? तिला शिमग्यापर्यंत थांबावं लागलं. तिच्या हातचे लग्नसराईचे ब्लाऊज दुसरीकडे गेले. ती बैठकीत आमच्यावर रागावली आणि तो राग बरोबर होता. एकीला मोठं कर्ज दिलं की दुसरीची पाळी लांबते, हे कर्ज मंजूर करतानाच मोठ्याने बोललं पाहिजे होतं. आम्ही बोललो नाही. तुम्ही ती चूक करू नका.

परवा वहिनीने एका हळदीचा अल्बम दाखवला. पडवीतली, बल्बच्या उजेडातली. पान उलटलं तर दोन्ही पानं भरून सोळा-सतरा बायका, तोंडं उघडी, गाण्यात रमलेल्या. एकीच्या दातात अडकलेला पानाचा तुकडाही दिसत होता. आम्ही एकेकीला ओळखलं.

तुमच्या गटात असा वेगळा अर्ज आला तर हसून बाजूला टाकू नका आणि भुलून मंजूरही करू नका. आधी भाड्याने आणा, मोठा फोटो छापून बघा, वही तपासा, आणि जिची पाळी लांबणार तिला समोर बसवून ठरवा. तुमचे अनुभव रेडिओ केंद्रावर कळवा. पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.