लेखनविद्या कशाला शिकावी?

(पालकांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



"लिहावयास तर चौथींतच आलें, मग त्यासाठीं विद्यापीठांत फी कशाला भरावयाची?" हा प्रश्न आपणांपैकीं पुष्कळांनीं आम्हांस केला. पोटाला चिमटा घेऊन मुलें शिकविणाऱ्यानें तो केलाच पाहिजे. आम्ही त्याचें उत्तर जमिनीच्या तंट्यापासून सुरू करितों.

ज्या विद्येस इंग्रजींत रेटोरिक म्हणतात व आपण वक्तृत्वशास्त्र म्हणूं, ती राजवाड्यांत जन्मली नाहीं. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत सिसिली बेटांतील सिराक्यूज शहरीं जुलमी राजांची सत्ता उलथली. ज्यांच्या जमिनी हिरावल्या गेल्या होत्या ते लोक न्यायसभेपुढें उभे राहिले, आणि आपलें म्हणणें कसें मांडावें याची रीत त्यांस कोरॅक्स व टिसियस यांनीं घालून दिली, असें जुने ग्रीक सांगत. अथेन्स शहरांत तर फिर्यादी व आरोपी यांस स्वतःच बोलावें लागे. मग लिसियससारखे लेखक मोबदला घेऊन त्यांस भाषण लिहून देत. हा लिसियस तेथला नागरिक नव्हता, परका रहिवासी होता. त्याच्या नांवावरील एक भाषण एका पांगळ्या कारागिराचें आहे. राज्याच्या तिजोरींतून त्यास रोजचा एक ओबोल भत्ता मिळे, तो बंद करावा अशी कोणीं तक्रार केली होती. निराधार योजनेच्या कागदांसाठीं तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांस त्या पांगळ्याची अडचण समजावून सांगावयास नको!

ही विद्या म्हणजे निव्वळ खुशामत, असा आक्षेप पुढें प्लेटोनें घेतला. त्याचाच शिष्य ॲरिस्टॉटल यानें उत्तर दिलें कीं, बळ, आरोग्य, संपत्ति यांचाहि दुरुपयोग होतोच. आम्हांस शिष्याचें म्हणणें पटतें. लबाडाजवळ ही विद्या आहेच. भोळ्यानें ती शिकावी कीं नाहीं एवढाच प्रश्न उरतो. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे काढून जाळले. माणसांपेक्षां त्यांचा राग त्या कागदांवर होता. कागदांत काय लिहिलें आहे हें अंगठा उठविणाऱ्या पुष्कळांस ठाऊकच नसे. शेतकऱ्याचे दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारापुढें व्हावेत असें १८७९ च्या कायद्यानें ठरविलें, तें यासाठींच.

आतां विद्यापीठांकडे वळूं. अमेरिकेंतील हार्वर्ड येथें १८०६ सालीं या विषयाचे प्राध्यापक झाले ते जॉन क्विन्सी ॲडम्स. १८२५ सालीं तेच राष्ट्राध्यक्ष झाले. पुढें ही विद्या शुद्धलेखन व निबंध यांत अडकली. मिशिगन विद्यापीठांत फ्रेड न्यूटन स्कॉट यांच्या हाताखालीं तिचें स्वतंत्र खातें १९०३ सालीं उभें राहिलें. त्यांच्या शिष्या गर्ट्रूड बक यांना त्याच्याहि आधीं, १८९८ सालीं, या विषयांत डॉक्टरेट मिळाली होती. मुलींच्या आयांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आज तेथें व्यावसायिक लेखनाची स्वतंत्र पदवी असते. ती घेतलेलीं मुलें कारखाने, इस्पितळें, सरकारी खातीं, संगणकाच्या कंपन्या यांत काम करितात. त्यांस शिकवितात कसें, तें ऐका. औषध कसें घ्यावें याची सूचना विद्यार्थी लिहितो. मग ती एका अनोळखी माणसाच्या हातीं देतो व आपण गप्प बसून, तो कोठें अडला, कोणती ओळ त्यानें फिरून वाचली, याचें टिपण करितो. वाचणारा चुकला तर दोष लिहिणाऱ्याचा. आपल्या कचेऱ्यांत हा न्याय उलटा चालतो! सरकारी कागद लोकांस समजेल अशा भाषेंत लिहावा, असा अमेरिकेंत २०१० सालीं कायदाच झाला.

आपल्या विद्यापीठांतहि 'व्यावहारिक मराठी', 'उपयोजित मराठी' अशा नांवांनीं हा विषय आहे. परंतु अर्जाचा नमुना पाठ करावयाचा व परीक्षेंत उतरवावयाचा, एवढ्यावरच जेथें भागवितात, त्याला आम्ही शिक्षण म्हणत नाहीं. म्हणून कॉलेज पाहावयास जाल तेव्हां इमारतीकडे पाहूं नका. मुलांचें लेखन वर्षांतून किती वेळां तपासून परत देतात, तेंच पुन्हां लिहून घेतात कीं नाहीं, आणि वर्गाबाहेरच्या एखाद्या माणसास तें वाचावयास देतात काय, एवढें विचारा. आणि उत्तर लेखी मागा.