रुग्ण समोर बसलेला असतो



आपल्या फॅमिली डॉक्टरांच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलंत आणि पुरुषांमधल्या हृदयविकाराचा आढावा घ्यायला सांगितलंय, घेतो. १९४८ साली अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम इथं हृदयविकाराचा अभ्यास सुरू झाला. २००४ च्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासानं ५२ देशांतले रुग्ण तपासले आणि तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर अशा नऊ गोष्टींत पुरुषांच्या पहिल्या झटक्याची ९० टक्के जोखीम येते, असं सांगितलं. आपल्या उपखंडात तो झटका पाचेक वर्षं आधीच येतो. झाला आढावा.

आता माझी जुनी तक्रार. आपण पुरुष रुग्णाकडे पाहणं सोडलंय. रिपोर्ट तेवढे पाहतो.

एक एसटी कंडक्टर आला होता, पंचेचाळिशीचा. दोन्ही पापण्यांवर भाजल्याच्या खुणा. “मुलीचा साखरपुडा आहे, डॉक्टर. पिवळे चट्टे फोटोत बरे दिसत नव्हते, जाळून घेतले.” ते जाळणारा आपल्यातलाच, पदवीधर. कोलेस्टेरॉल बघितलं? नाही. वडील कशानं गेले, विचारलं? नाही. वडील पन्नाशीच्या आत, झोपेत गेले होते. मी पायमोजे काढायला लावले, तर टाचेमागची शीर दोन्हीकडे जाड, गाठाळ. घराण्यातून आलेलं कोलेस्टेरॉल अंगावर लिहिलेलं होतं आणि आपल्या बंधूंनी त्यातली एक ओळ खोडून फी घेतली! कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं तरी असे चट्टे असणाऱ्यांना झटक्याचा धोका जास्त, हे कोपनहेगनच्या अभ्यासानं २०११ मध्येच दाखवलंय.

काल कानाच्या पाळीवरच्या तिरप्या सुरकुतीवरून परिसंवादात हमरीतुमरी झाली. १९७३ मध्ये डॉ. सँडर्स फ्रँक यांनी ती हृदयविकाराची खूण म्हणून नोंदवल्यापासून हेच चाललंय. माझ्या थोरल्या चुलत्यांच्या दोन्ही पाळ्यांवर ती आहे आणि नव्वदीतही ते सकाळी मळ्यात जातात. उलट गुळगुळीत पाळीच्या तरण्याताठ्यांना मी स्मशानात पोचवून आलोय. वाद मिटला. तरी मी ती पाहतो, कारण ती पाहायला डॉक्टरला कागदावरून मान वर करावी लागते.

पूर्वी घरी जाऊन तपासायचो. माणूस बनियनवर बसलेला असायचा. पोट, मानेवरचा काळा मखमली पट्टा, बिडीनं पिवळी झालेली बोटं, सगळं बसल्या जागी दिसायचं. आता तो इस्त्रीच्या शर्टात येतो आणि पँटचा नंबर चौतीस सांगतो. पट्टा पोटाखाली बांधला की नंबर चौतीसच राहणार! ‘किरकोळ आहे, त्याला काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा ‘लॅन्सेट’मधला फोटो आठवावा. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या २१.२. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप लावा. ९० सेंटिमीटरच्या वर गेलेला भारतीय पुरुष काठीसारखा दिसला तरी जोखमीत आहे.

आणखी एक. दार लोटून, आवाज उतरवून जो ‘ताकदीची गोळी’ मागतो, त्याला आपण हसून चिठ्ठी देतो. त्या जागेच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून आधी तिथंच अडतं. छातीत दुखायच्या दोन-तीन वर्षं आधीसुद्धा. त्याचा रक्तदाब, साखर, छातीची पट्टी पाहिल्याशिवाय, आणि छातीसाठी जिभेखाली गोळी ठेवतो का हे विचारल्याशिवाय चिठ्ठी देणं हा माझ्या मते गुन्हा आहे.

संघटनेनं पुरुष रुग्णाच्या अंगावर काय काय पाहायचं, याचा एक साधा तक्ता करावा, तालुकावार शिबिरं घ्यावीत. तपशील कार्यकारिणी ठरवील. पुढच्या अधिवेशनापर्यंत काहीतरी उभं राहील, अशी आशा आहे. तक्त्याची वाट मात्र पाहू नका. सोमवारी जो पहिला पुरुष समोर येईल, सर्दीसाठी का असेना, त्याला शर्ट काढायला सांगा.