पागा आणि वाडा



नाशकात गोदेच्या तीरी बसून आज भीमेच्या तीरावरील एका प्राण्याची हकीकत मी आपणांस निवेदन करणार आहे. थडी म्हणजे तीर; भीमेच्या थडीला ज्याची पैदास झाली तो भीमथडी घोडा. बारामतीकडील ज्या मुलखात तो नावारूपास आला, त्या मुलखाचा तालुकाच इंग्रजी अमदानीत भीमथडी या नावाने दफ्तरी नोंदलेला होता. देशी तट्टांशी अरबी व तुर्की घोड्यांचा संकर होऊन सिद्ध झालेल्या या घोड्याची काया ठेंगणी, परंतु खूर कठीण, आहार अल्प आणि डोंगरवाटेवरील पाऊल निःशंक.

अशा घोड्यांच्या शिवकालीन पागेची व्यवस्था सभासदाने आपल्या शिवचरित्राच्या बखरीत लिहून ठेविली आहे : २५ बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरील स्वारांवर, एक हवालदार, आणि तितक्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. ज्या राज्याने घोड्याच्या पाण्याची आणि नालाची इतकी तजवीज केली, त्याच्या फौजा १७५८ साली अटकेपर्यंत पोहोचल्या, यात नवल नाही.

पुढे १८१८ साली पेशवाई बुडाली; त्याच वर्षी आपल्या नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकचा आणि मालेगावचा किल्ला कंपनीच्या हाती गेला. पागा मोडल्या, शिलेदार शेतीस लागले, आणि १८६५ साली थळघाटातून आगगाडी वर आली तेव्हा घाट चढून जाणाऱ्या तट्टाची गरजही ओसरू लागली. सरदारांचे वाडे उभे होते. पण त्यांच्या दारचा घोडा नाहीसा झाला.

मग हा घोडा वाचविला कोणी? वाड्यानेच, परंतु तो वाडा दगडाचा नव्हे. मेंढरांसह रानोरान फिरणारा धनगर आपल्या तळालाही वाडाच म्हणतो. दिवाळी सरली की हा वाडा घाट उतरून कोकणात जातो. पुरुष मेंढरांमागे चालतात आणि पाल, भांडी, धान्य, कोंबड्या व नुकतीच जन्मलेली कोकरे पाठीवर घेतलेल्या घोड्याचा दोर धनगरणीच्या हाती असतो. बारगिराने सोडलेला लगाम तिने उचलला आणि कोणत्याही तनख्याविना दोन शतके सांभाळला, ही माझ्या मते महाराष्ट्राच्या इतिहासातील थोर निष्ठा होय.

हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने या घोड्याचा अभ्यास केला, आणि अलीकडे भारतातील आठवी अश्वजात म्हणून त्याची सरकारी नोंद झाली. ही सनद आनंदाची खरी. परंतु जात सनदेवर जगत नाही, ती कामावर आणि चाऱ्यावर जगते. गायराने आक्रसली, घाटवाटांना कुंपणे पडली आणि बिऱ्हाड टेंपोतून जाऊ लागले, तर घोड्याला पोसण्याचे कारणच उरणार नाही.

म्हणून, श्रोतेहो, येत्या दिवाळीनंतर घाटात एखादा वाडा आडवा आला, तर क्षणभर वाहन थांबवा. आणि गावच्या सभेत गायरानाचा विषय निघेल तेव्हा त्या वाड्याच्या बाजूने बोला. महाराष्ट्राची अखेरची पागा तिथेच उतरलेली आहे.